रोझाबाईंची स्त्रुफोली

साऱ्या न्यू जर्सी राज्यात जे काही चुकीचं, अर्धवट, कच्चं किंवा करपलेलं घडतं, ते दुरुस्त करायची जबाबदारी आपल्या एकटीवर टाकलेली आहे, अशी माझ्या नवऱ्याच्या मावशींची पक्की समजूत आहे. कोणी टाकली, हे विचारायची आमच्यात कोणाचीच हिंमत नाही. आम्ही नागपूरकडचे, माझाही आवाज काही लहान नाही, पण सांगलीच्या ह्या मावशींपुढे मी गोगलगाय. वेस्ट विंडसरमध्ये त्यांचं राहणं माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे मावशींच्या संतापाला हाताशी असणारं माणूस म्हणजे मी. एकदा टीव्हीवरच्या हवामानवाल्याने फूटभर बर्फ पडणार म्हणून सांगितलं. मावशींनी दूध, बटाटे, मेणबत्त्या असा युद्धाचा साठा केला आणि बर्फाचं बोटभरही नाव नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट त्या वाहिनीला फोन लावला. "बर्फ पडला नाही ही माझी तक्रार नाही. पण तुमचा तो माणूस आज हसत हसत उद्याचं सांगत होता. कालचं चुकलं हे आधी कबूल नको का करायला?" पलीकडच्या मुलीने माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "तू कशाला मागतेस? त्याला फोनवर बोलव."

देशी दुकानातला मालक तर त्यांची गाडी पार्किंगमध्ये शिरताना दिसली की मागच्या खोलीत जातो. पापडाचं पाकीट त्या दुकानातच उघडून बघतात. तुटका पापड निघाला की काउंटरवर ठेवून शांतपणे म्हणतात, "हा तुम्ही खा." आणि स्वतःच्या हक्काच्या बाबतीत तर विचारूच नका. मंडळाच्या होळीच्या जेवणाला एकदा पुरणपोळ्या मावशींनी केल्या होत्या. आभार मानताना सेक्रेटरीने चुकून दुसऱ्याच एका बाईंचं नाव घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. मावशी उठल्या, स्टेजवर गेल्या, त्या पोराच्या हातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "पोळ्या मी केल्यात. ह्या बाईंनी गाडीतून डबा आत आणला. डब्यासाठी टाळ्या वाजवायच्या असतील तर चालू द्या." ती बाई त्यानंतर मंडळात दिसली नाही. मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. पण खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं होतं. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे ना! आपण सगळे गप्प बसतो म्हणून तर लोकांचं फावतं.

आता अशा ह्या बाईने जे केलं ते तुम्हाला सांगते, आणि मग तुम्हीच ठरवा माझा संताप बरोबर आहे की नाही.

मावशींच्या घराच्या भिंतीला भिंत लागून रोझाबाईंचं घर. रोझाबाईंचे आजोबा इटलीतून, नेपल्सकडून आलेले. रोझाबाई मात्र जर्सीतच जन्मल्या, जर्सीतच म्हाताऱ्या झाल्या. दोघींची ओळख अर्थातच भांडणातून झाली. रोझाबाईंनी आपल्या दारातला बर्फ उपसून मावशींच्या बाजूला टाकला. मावशींनी तो परत तिकडे टाकला. मग दोघी फावडी घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या. रोझाबाई अर्धं इटालियनमध्ये बोलत होत्या, मावशी पूर्ण मराठीत, आणि काका सांगायचे की दोघींना एकमेकींचं अक्षर न् अक्षर कळत होतं. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी रोझाबाई हातात ताटली घेऊन दारात उभ्या. ताटलीत स्त्रुफोली. मैद्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या तळून मधात घोळवतात, त्यांचा ढीग रचतात आणि वरून रंगीत साखरेचे दाणे पेरतात, तो त्यांचा नाताळचा पदार्थ. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "अंडं आहे?" रोझाबाई म्हणाल्या, अर्थात आहे, अंड्याशिवाय होईल कशी? मावशी म्हणाल्या, "मग मी खात नाही." दुसरं कोणी असतं तर इथे दार लावून घेतलं असतं. मावशींनी ताटलीतली एक गोळी दोन बोटांत धरून उजेडात बघितली, दाबली, आणि म्हणाल्या, "तेल जास्त तापलं होतं. वरून लाल, आतून कच्ची. पीठही भिजवून ठेवलं नव्हतंस." झालं! रोझाबाईंच्या आजीपासून चालत आलेला पदार्थ, आणि हिंदुस्थानातून आलेली एक शेजारीण, जी तो तोंडातही घालत नाही, ती सांगते चुकलाय म्हणून! रोझाबाई मनगटाला धरून मावशींना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "ये लेडी, तू करून दाखव."

तिथून पुढे दर डिसेंबरला हा कारखाना चालायचा. नियम ठरलेले होते. अंडी रोझाबाईंनी फोडायची. मावशींनी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून पीठ तिंबायचं, कढईही वेगळी, झाराही वेगळा, आणि सगळं आटपलं की घरी येऊन डोक्यावरून आंघोळ. आंघोळीशिवाय त्या स्वतःच्या देवघराकडे बघायच्यासुद्धा नाहीत. रोझाबाई तळणीला चरबी वापरायच्या, ती पहिल्याच वर्षी कचऱ्याच्या डब्यात गेली. "चरबीत तळायचं असेल तर मी निघाले." रोझाबाईंनी हात जोडून वर बघितलं, आजीची माफी मागितली आणि तेलाची बाटली काढली. हळूहळू मावशींनी सगळंच बदललं. पीठ ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवायचं. लांब वळ्या करायच्या शेवयांसारख्या हलक्या हाताने, मग त्यांच्या गोळ्या कापायच्या. शंकरपाळ्या तळतो तशी आच बारीक ठेवायची. मध पातळ करून नुसता ओतायचा नाही, त्याला साखरेच्या एकतारी पाकाची जोड द्यायची, म्हणजे गोळ्या चिकट न होता चकाकतात. आणि एका वर्षी पिठात संत्र्याची साल किसताना त्यांनी पदराआडून, म्हणजे स्वेटरच्या खिशातून, जायफळ काढलं आणि थोडं किसून टाकलं. रोझाबाईंनी पहिली गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाल्या, "अजून थोडं." झालं, जायफळ कायमचं आत आलं.

मावशींनी स्वतः ती कधीच खाल्ली नाही. मला ह्याचं फार आश्चर्य वाटायचं. मी एकदा विचारलं, "न चाखता तुम्हाला कसं समजते मावशी?" तर म्हणाल्या, "नैवेद्याचा स्वयंपाक चाखून करतात का तुमच्या नागपुरात?" घाण्याचा आवाज बदलला की त्या झारा उचलायच्या. बाकी चवीचा सगळा भरवसा रोझाबाईंच्या जिभेवर.

पुढे रोझाबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली. अंडंसुद्धा धरवेना. त्यांची मुलगी टीना कोलोरॅडोत असते. दर नाताळला यायची, मुलाबाळांना घेऊन, आणि आल्या आल्या आईच्या ताटावर तुटून पडायची. "मॉम, जगात कोणाला अशी जमत नाही!" आणि रोझाबाई मान ताठ करून म्हणायच्या, "आपल्या घरातला हात आहे." बोटं गेली तेव्हा त्यांनी मावशींना एकच गळ घातली: टीनाला कळू देऊ नकोस. बाई फार मानी. आई थकली असं मुलीला वाटता कामा नये. मावशी हो म्हणाल्या. तेव्हापासून टीना यायच्या आदल्या दिवशी सगळी स्त्रुफोली मावशी करायच्या, पिठापासून पाकापर्यंत. रोझाबाई खुर्चीत बसून चाखायच्या आणि हुकूम सोडायच्या. अंडी फोडायला माझी नेमणूक झाली. मी नागपूरची, मला अंड्याचं काय! पण टीनाला सांगणार नाही अशी माझ्याकडूनही मावशींनी देवासमोर शपथ घेतली होती, तीही आंघोळ करून आल्यावर.

म्हणजे बघा. टीना जिच्यासाठी विमानाने यायची, जी तिच्या पोरांनी वाटीला बोटं लावून लावून चाटली, ती स्त्रुफोली गेली कितीतरी वर्षं मावशींच्या हातची होती. त्याआधीचीही निम्मी त्यांचीच. टाळ्या मात्र रोझाबाईंना. आणि मंडळात डब्यावरून माइक हिसकावणारी बाई भिंतीपलीकडे बसून टीनाच्या पोरांचा आरडाओरडा ऐकायची आणि म्हणायची, "आवडली वाटतं."

गेल्या वर्षी वसंतात रोझाबाई गेल्या. मावशींनी त्या दिवशी कोणावर राग काढला नाही, फक्त फ्युनरल होममध्ये फुलं शिळी होती ती बदलून घेतली. घर विकायचं ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरात टीना एकटीच आली, सामान आवरायला. मावशींच्या दारात आली आणि म्हणाली, "आँटी, हे घर जायच्या आधी मला एकदाच ह्या किचनमध्ये मॉमची स्त्रुफोली करायची आहे. मॉमने काही लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही तिला कंपनी द्यायला बसायचात ना? थोडंफार बघितलं असेल ना?"

कंपनी द्यायला! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "हो, बघायची थोडंफार. उद्या येतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी रोझाबाईंच्या स्वयंपाकघरात. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या, खोकी रचलेली, पण शेगडी तीच. मी अंडी फोडली. टीनाने मैदा मापला. मावशींनी हातमोजे चढवले. आणि मग मी बघतेय तर बाईंचं काहीतरी बिघडलेलं. पीठ भिजवलं आणि झाकून न ठेवता लगेच वळायला घेतलं. वळ्या जाड्या, एक मोठी तर एक लहान. मी मराठीत हळूच म्हटलं, "मावशी, जायफळ?"

"गप्प बस."

"अहो, खिशात आहे तुमच्या. मघाशी घरून निघताना मी बघितलं."

"अंडी फोडून झाली ना तुझी? मग हात धू."

आच त्यांनी मोठी ठेवली. तेलातून धूर निघायला लागला तरी ढिम्म. ज्या बाईने तुटका पापड कधी घरात येऊ दिला नाही, ती माझ्या डोळ्यांदेखत घाणा बिघडवत होती. आणि चुकून नाही हं! मी त्यांचा हात ओळखते. चिडलेला ओळखते, थकलेला ओळखते. हा हात अगदी सावध होता. मधाला पाक जोडला नाही, नुसता ओतला. गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालं. टीनाने त्यावर रंगीत दाणे पेरले, आईसारखेच, मुठीतून. मग एक गोळी तोंडात टाकली.

आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती खूप सावकाश चघळत होती. "चांगली झालीय," ती म्हणाली. "खरंच, आँटी. बट..." ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "इट्स नॉट मॉम्स. मॉमची वेगळी असायची. तिच्यात काहीतरी होतं, मला सांगता येत नाही. आता कोणालाच नाही जमणार ना तशी?"

"नाही जमायची," मावशी म्हणाल्या. "तुझ्या आईचा हातच वेगळा होता. मी एवढी वर्षं बघून मला नाही आलं."

टीनाने त्यांना मिठी मारली. मावशी हातमोजे घातलेले हात हवेत धरून उभ्या राहिल्या, तिच्या स्वेटरला पीठ लागू नये म्हणून. आणि मी तिथे उभी राहून ओठ दाबून धरले होते. शपथ नसती ना, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की बाई गं, तू जिच्या गळ्यात पडलीस नं, तिच्याच हातची चव शोधून राहिलीस तू!

बाहेर आलो आणि मी फुटलेच. "मावशी, हे काय केलंत तुम्ही? मुद्दाम बिघडवलीत ना? खोटं बोलू नका."

"बिघडवली."

"का पण? आता रोझाबाईपण नाहीत लाज वाटायला. एवढी वर्षं राबलात, नाव दुसऱ्याचं झालं, ते जाऊ द्या. पण आज तुमच्यासमोर म्हणते की तुमची चांगली नाही झाली! आणि तुम्ही ऐकून घेता? पुरणपोळीला तर माइक ओढला होता!"

मावशी चालता चालता थांबल्या. "पुरणपोळी माझी होती. अगं, ती पोर तिथे आईला शोधायला आली होती. तोंडात टाकल्याबरोबर मी सापडले असते तर काय केलं असतं तिनं?"

माझा राग आणखीच वाढला. नेहमीची चव आणि ती करणारा मावशींचा हात एका वेळी समोर दिसला असता, तर टीनाला कळायला क्षणही लागला नसता, हे मलाही समजत होतं. पण समजलं म्हणून काय राग जातो? मावशी तोवर माझं ऐकत नव्हत्याच. समोरच्याची गाडी फुटपाथवर चढलेली दिसली होती आणि त्या त्याची बेल वाजवायला निघाल्या होत्या.

घर विकलं गेलं. तिथे आता हैदराबादचं एक तरुण जोडपं राहतं आणि कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवतं. त्यावर मावशींचं काम चालू आहे. ह्या डिसेंबरात त्यांनी ते हातमोजे कपाटातून बाहेर काढलेच नाहीत. मी विषय काढला तर म्हणाल्या, "खाणार कोण?"

आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा टीनाचा फोन आला. कोलोरॅडोहून, स्वतःच्या स्वयंपाकघरातून. मावशींनी स्पीकरवर टाकला, कारण फोन कानाला लावणं त्यांना पटत नाही. टीना रडकुंडीला आली होती. तीन दिवस करतेय, तिची पोरं चाखतात आणि म्हणतात, ही ग्रँडमाची नाही. "आँटी, प्लीज, नीट आठवून बघा. मॉम काय करायची?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वाकून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांब, आता आठवलं. तुझी आई जायफळ घालायची. संत्र्याच्या सालीबरोबर, किसून. मी बघितलंय."

"नटमेग? मॉम?"

"मॉम नाही तर कोण? आणि पीठ तासभर झाकून ठेवायची ती. आच एकदम बारीक. मधात साखरेचा पाक घालायची. लिहून घे. पीठ मळून झालं की फोन चालू ठेव, मी इथे बसलेय."

दोघी फोनवर होत्या, मधे पीठ मुरेपर्यंत टीनाच्या मुलांच्या शाळेची चौकशी झाली, शाळेचं काय चुकतं तेही सांगून झालं. मग तळणीचा आवाज आला. मावशी फोनवरून आवाज ऐकत म्हणत होत्या, "अजून बारीक कर. अजून. आता उचल. आता!" मग पलीकडे झाऱ्याची खुडखुड, पोरांची धावपळ, आणि चाखायची झुंबड. कोणीतरी लहान मुलगी म्हणाली, "मॉमी, दॅट्स ग्रँडमाज." टीनाचा हुंदका ऐकू आला. "आँटी, तीच आहे. तीच आहे ही. मॉम आहे."

"मग? तिचीच आहे ती," मावशी म्हणाल्या. "रडू नकोस, कढईत दुसरा घाणा आहे, तिकडे बघ."

फोन ठेवून त्या जपमाळ घ्यायला उठल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. टीनाला मी सांगू शकत नाही, कारण शपथ अजून आहे आणि ती सोडवू शकणाऱ्या रोझाबाई ह्या जगात नाहीत. पण कोलोरॅडोतल्या त्या घरात आता दर वर्षी स्त्रुफोली होणार, तिथली पोरं मोठी झाल्यावर आपल्या पोरांना सांगणार की ही आमच्या इटालियन आजीची, आणि त्यात कुठेही सांगलीच्या एका बाईचं नाव येणार नाही. मला ह्याचा राग येतो. खूप येतो. मावशींना येत नसेल तर नाही, पण त्यांच्या वतीने कोणाला तरी यायलाच हवा ना.